न आलेला पिस्टन

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. या वयाची माणसं देवळाच्या ओट्यावर बसून गुडघे चोळतात. मी माझ्या मोटारसायकलचं इंजिन खोलून बसलो होतो आणि मला त्याची काडीची लाज नव्हती. लाज वाटायला पाहिजे होती ती एका पिस्टनसाठी मला दोन महिने नाचवणाऱ्यांना. त्यांना ती अजून वाटलेली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

शाळा मी चौथीत सोडली. आधी उसाच्या ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग शिंगणापूरच्या रस्त्याला पत्र्याचं गॅरेज. देवाला आलेल्या लोकांच्या गाड्या वाटेत बंद पडायच्या आणि देव त्यांना माझ्याकडे धाडायचा. गॅरेज आता नाही, हत्यारं मात्र जागच्या जागी आहेत. आणि एक गाडी ठेवली आहे. दोन स्ट्रोकची, एका सिलेंडरची, किक मारली की आळीतली कुत्री उठून उभी राहतात अशी. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. कारखाना बंद पडला म्हणून गाडीनंही बंद पडावं असा काही कायदा नाही.

आमच्या गावची जत्रा चैत्रात. तेव्हा नदीला पाणी नसतं, नुसती रेती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कुस्त्यांच्या आधी, नदीच्या पात्रात मोटारसायकली पळवतात. बंधाऱ्यापासून निघायचं आणि महादेवाच्या पायऱ्यांना हात लावायचा. पोरांच्या फेऱ्या झाल्या की शेवटची फेरी जुन्या गाड्यांची. जुन्या गाड्या म्हणजे दोनच, एक माझी आणि एक माझ्या व्याह्यांची.

व्याही म्हणजे धाकट्या लेकीचे सासरे. मिलिटरीत ड्रायव्हर होते, आता राहुरीच्या अंगाला शेती करतात. त्यांची गाडी आणि माझी गाडी एकाच कारखान्याची. मुलगी बघायला आले ते त्याच गाडीवरून, आणि मुलगी चहा घेऊन बाहेर आली तरी हा माणूस अंगणात माझ्या गाडीपुढं उकिडवा बसून कार्बोरेटर बघत होता. सोयरीक तिथंच जमली म्हणा.

आता मुलीच्या बापानं वरबापापुढं कसं राहायचं हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. आधी त्यांचं ताट, मग आपलं. ते बोलले की आपण मान हलवायची. माणूस वाईट नाही, लेक सुखात आहे, पण वीस वर्षं मान हलवली की मानेला रग लागते. नदीच्या रेतीत मात्र कुणी वरबाप नाही नि कुणी वधूपिता नाही. तिथं कधी ते पुढं, बहुतेक मी पुढं. कुणाला वाईट वाटायचं नाही, कारण ती शर्यत होती.

आदल्या वर्षी माझ्या गाडीनं भर रेतीत पिस्टन धरला. म्हणजे पिस्टन सिलेंडरमध्ये अडकला आणि इंजिन जाम झालं. व्याही भुर्रकन पुढं गेले, पायऱ्यांना हात लावला, आणि सावकाश माघारी येऊन अख्ख्या गावादेखत म्हणाले,

"व्याही, मुलीकडच्यांना वाटंत सोडून जायची आमच्यात पद्धत न्हाई. बसा, ढकलतो."

लोक हसले. मीही हसलो. हसावं लागतं.

दुपारी जेवताना त्यांनी सांगितलं की दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलायच्या ठरल्या आहेत. "पुढची जत्रा तेवढी खेळतो. मंग किक मारायला पायच न्हाई." म्हणजे एकच जत्रा हातात होती. ती हुकली तर 'बसा, ढकलतो' हेच आमच्या दोघांतलं शेवटचं वाक्य म्हणून गावात राहणार. मी मरेन, पण ते वाक्य मरणार नाही. आमचं गाव तसं आहे.

म्हणून मी इंजिन नव्यानं बांधायला काढलं. आणि नुसतं दुरुस्त नाही, पळणारं. हेड घासून बसकं केलं, म्हणजे आतला दाब वाढतो. सिलेंडरमधल्या खिडक्या कानशीनं रुंद केल्या. सायलेन्सर पोटात फुगीर नि शेपटीला निमुळता असा पत्रा वळवून स्वतः वेल्डिंग केला. बायको म्हणाली, "अवो, ह्यो सायलेन्सर हाय का दुधी भोपळा?" म्हणू दे. सगळं माझ्या हातात होतं तोवर सगळं वेळेवर झालं, हे लक्षात घ्या. दुसऱ्यावर अवलंबून होती ती एकच वस्तू. पिस्टन.

मला साधा ओतीव पिस्टन नको होता. शर्यतीच्या गाड्यांना घालतात तो, फोर्जिंगचा, दाबून घडवलेला, आणि एका साइजनं मोठा. मोठा पिस्टन म्हणजे सिलेंडर आतून कातून मोठा करावा लागतो. ते काम नगरच्या एमआयडीसीत एक बोअरिंगवाला करतो. त्याचा नियम असा की पिस्टन आधी टेबलावर, मग सिलेंडर मशीनवर. पिस्टन-पिस्टनमध्ये केसाएवढा फरक असतो, नुसत्या सांगण्यावर तो पातं लावत नाही. मला हा नियम मान्य आहे. मीही तसाच वागलो असतो. पण त्यामुळं पिस्टन येत नाही तोवर सगळं अडलेलं.

नगरला स्टँडच्या अलीकडं एक पार्टचं दुकान आहे. मालक गोरागोमटा, कपाळाला गंध, बोलण्यात साखर. त्यानं माझी साइज ऐकली, मान डोलावली.

"बाबा, तुमच्यासाठी म्हणून दिल्लीहून मागवतो. फोर्जिंगचा, एकदम शर्यतीचा. चहा घ्या."

"कधी येईल?"

"उद्या धरून चाला."

मी उद्या गेलो. आमच्या गावाहून नगर म्हणजे आधी फाट्यापर्यंत चालायचं, मग एसटी नाहीतर वडापची जीप, मग रिक्षा. गेलो तर, "बाबा, माल ट्रान्सपोर्टला लागलाय. उद्या." पुन्हा गेलो. "ट्रान्सपोर्टवाल्यानं दुसऱ्याच गावाला उतरवला. उद्या नक्की." पुन्हा गेलो तर दुकानात त्याचा भाऊ. "मालक लग्नाला गेलेत, त्यांनाच माहिती. उद्या या." दर वेळी चहा. त्या दुकानात मी जेवढा चहा प्यायलो तेवढ्यात माझी गाडी पळाली असती.

बायको म्हणाली, "उद्या धरून चालताय, पर चालताय कुठं? रोज नगरलाच."

"अगं, तो नाही म्हणत नाही ना."

"त्योच तर लबाड. न्हाई म्हननारा मानूस एकदाच न्हाई म्हनतो."

तिचं मी ऐकलं नाही असं नाही. बोअरिंगवाल्याकडून पुण्यातल्या एकाचा नंबर घेतला. तो म्हणे फक्त शर्यतीच्याच गाड्यांचे पार्ट विकतो, दुकान नाही, सगळा धंदा मोबाईलवर. फोन लावला तर आवाज इतका गोड की वाटलं पुतण्याच बोलतोय. "हो काका. बिनधास्त काका. तुमच्या गाडीचा आहे माझ्याकडे काका." पैसे आधी. दिले. पार्सल आलंही, हे मान्य करतो. बायकोनं उघडलं, मी हातात घेतला, आणि त्याला दांड्याशी जोडणारी पिन घालून बघितली. पिन जाईना. भोक बारीक. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा पिस्टन.

फोन केला. तो म्हणतो, "काका, थोडं रीमर मारून भोक मोठं करून घ्या ना. सगळे तसंच करतात."

"चप्पल बारकी निघाली तर पाय तासून घेऊ का?"

"तसं नाही हो काका. बरं, परत पाठवा, बदलून देतो."

त्याच्या पेटीत पिस्टन नुसता खुळखुळत आला होता, ना कागद ना कापूस. मी माणसासारखा परत पाठवला. बायकोचं एक जुनं लुगडं फाडलं, जांभळं, पोपटी काठाचं, त्यात गुंडाळला, पेटीत घट्ट बसवला. आणि फोनवर एक गोष्ट बजावून सांगितली. "हे बघ, पाठव कधीही, पण शनिवारी माझ्या दारात पोचेल असं पाठवू नको. आम्ही शनीच्या शिवेवर राहणारी माणसं. शनिवारी लोखंड आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही."

"हो काका. लिहून ठेवतो काका."

गॅरेज होतं तेव्हाही मी शनिवारी कधी नट विकत घेतला नाही, का खिळा. शनिवारी रस्त्यावर भक्तांची रांग असायची, धंद्याचा खरा दिवस तोच. तरी नवा पार्ट लागला की गिऱ्हाइकाला सांगायचो, रविवारी बसवतो, तोवर दर्शन करा, जेवा, झोपा. मोठमोठ्या गाडीवाल्यांनी मुक्काम केलेत. आमच्या शेजारच्या गावात घरांना दारं नाहीत, ती घरं बघायला लोक येतात आणि वा वा करतात. माझ्या शनिवारला मात्र हसतात.

जत्रा मंगळवारी होती. तिच्या आधीच्या शनिवारी, सकाळी, कुरियरवाला दारात उभा. बीडकडचा माणूस, मिशीवाला, नवीन लागलेला.

"बाबा, पार्सल. सही करा."

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"मग?"

"मग काय? सही करा."

"त्यात लोखंड आहे. आज घेत नाही. उद्या आण."

"उद्या रविवार, सुट्टी."

"सोमवारी आण."

त्यानं पेटीवरचं वाचलं. "बाबा, पिस्टन लिहिलंय. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतोय. लोखंडाचा न्हाई."

मला शिकवतो! मी म्हणालो, "आणि रिंगा कशाच्या? पिन कशाची? रिंगा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नि पिन पोलादाची."

बायको आतून ओरडली, "पिस्टन आत घ्या नि रिंगांना म्हनावं पारावर बसा दोन दिस!"

"शेजाऱ्याकडं ठेवू का?" कुरियरवाला म्हणाला.

"शेजारी काय पाकिस्तानात राहतो? तोही याच गावचा."

"मंग दारात ठिवून जातो. तुमी उद्या उचला."

"दारात ठेवलं म्हणजे दिलं. दिलं म्हणजे आलं."

त्यानं कपाळ पुसलं, मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि गेला. मला वाटलं सोमवारचं दाबलं. त्यानं दाबलं होतं 'गिऱ्हाईक घेत नाही'. दुपारी पुण्याच्या गोड आवाजाचा फोन.

"काका, तुम्हीच रिफ्यूज केलंत. आता ते परत पुण्याला येणार."

"मी तुला शनिवार सोडून सांगितलं होतं."

"काका, आजकाल असं कोण पाळतं?"

मी पाळतो. मी सांगितलेलं असतं, तू हो म्हटलेलं असतं, मग कोण पाळतं हा प्रश्न कुठून आला? कुणी म्हणेल म्हाताऱ्यानं आडमुठेपणा केला, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. म्हणू दे. वेळ न पाळणाऱ्याला सगळे समजून घेतात आणि वार पाळणाऱ्याला येड्यात काढतात. हे मला आजही पटत नाही.

सोमवारी पहिल्या गाडीनं नगर गाठलं. कुरियरच्या ऑफिसात जाऊन काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो. सांगितलं की पार्सल अजून इथंच असेल, काढा. नाही म्हणाले, होय म्हणाले, साहेबाला विचारलं. मी हललो नाही. शेवटी मागच्या ढिगातून पेटी निघाली. सही केली आणि तिथंच उघडली.

आत जांभळं लुगडं. पोपटी काठ.

मी घातलेली गाठसुद्धा तशीच. तोच पिस्टन, तेच बारीक भोक. काउंटरवरच्या माणसाच्या देखत मी फोन लावला.

"अरे, काय पाठवलंस?"

"तुमचा पिस्टन काका. बदलून."

"बदलून? माझ्या बायकोचं लुगडं पुण्याला जाऊन आलं. तू पेटीपण उघडली नाहीस!"

"अं... काका, गोडाऊनला काहीतरी मिक्स झालं असेल."

मिक्स! मी फोन ठेवला. पुढं काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही आणि ते त्यानं ऐकलंही नाही, काउंटरवाल्यानं ऐकलं. मात्र मला आडमुठा म्हणणाऱ्यांनीही एक गोष्ट कबूल करावी. शनिवारी घेतला असता तरी हाच निघाला असता.

आता उरला स्टँडजवळचा गंधवाला. उद्या जत्रा, परवा शर्यत. दुपारपर्यंत पिस्टन मिळाला तर बोअरिंगवाला थांबतो म्हणाला होता. मी दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो.

"बाबा, चहा?"

"चहा नको. पिस्टन दे."

"उद्या—"

"आता मी इथून उठत नाही. तुझं दुकान बंद झालं की शटर माझ्यावरून ओढ."

गिऱ्हाइकं बघायला लागली. तो इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "बाबा, रागावू नका. तुमचा माल आला होता."

"मग दे."

"गेला की. तुमच्याच घरी गेला."

"माझ्या कुठल्या घरी?"

"तुमचे व्याही आले होते मागं. त्याच साइजचा पिस्टन मागत होते. मी म्हणलं एकच आहे, तुमच्या व्याह्यांसाठी आणलाय. ते म्हणले, मग द्या. मला वाटलं एकाच घरात चाललंय. सोयरे तुम्ही, गाडी एकच..."

मी विचारलं, "आणि त्यानंतर मी इतके वेळा आलो, तेव्हा उद्या उद्या का म्हणालास?"

तर काय म्हणावं या माणसानं? "तुम्हाला नाही म्हणायला बरं वाटेना."

असं आहे. खोटं बोलायला बरं वाटतं, दुसऱ्याचा माल विकायला बरं वाटतं, म्हाताऱ्याला उन्हातान्हात खेपा घालायला लावायला बरं वाटतं, फक्त 'नाही' म्हणायला जीभ जड होते. वर त्याला वाटतं की हा त्याचा चांगुलपणा. एखाद्या चोराचा मला एवढा संताप आला नसता. चोर निदान चहा पाजत नाही.

घरी येऊन व्याह्यांना फोन लावायला घेतला तर बायकोनं मोबाईल हातातून काढून घेतला.

"काय म्हननार हाये? माझा पिस्टन द्या म्हननार?"

"विचारणार. माझा आहे हे माहीत असून कसा घेतला?"

"आन् उद्या त्यास्नी राग आला तर? लेक नांदती तिथं. वाटीएवढ्या पिस्टनपायी तिला बोलनी खायला लावता?"

मी फोन केला नाही. तोंडातलं सगळं गिळलं. मंगळवारी गावात ढोल वाजत होते, लोक पालखीबरोबर फिरत होते, आणि मी गॅरेजच्या पत्र्याखाली आदल्या वर्षी अडकलेला जुना पिस्टन पॉलिश पेपरनं घासत होतो. ओरखडे होते, जेवढे निघाले तेवढे काढले. सिलेंडरही घासला. जुन्याच रिंगा मोकळ्या करून बसवल्या. पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त ओतलं, म्हणजे धूर होईल पण धरणार नाही. बसकं हेड आणि भोपळा सायलेन्सर होताच. बांधायचं ठरवलं होतं ते इंजिन हे नव्हे. पण वेळेवर उभं होतं.

संध्याकाळी व्याही आले. गाडी वळणावर असतानाच मला आवाज कळला. भरीव, ताजा. त्या आवाजात माझा पिस्टन चालत होता. लेक मागून टेम्पोनं आली, ती आणि तिची आई चुलीपाशी गेल्या. आम्ही जेवायला बसलो.

"मंग व्याही, गाडी तयार?"

"तयार."

"पिस्टन घावला का?"

"जुनाच बरा आहे म्हटलं."

"जुनं ते सोनं," असं म्हणून त्यांनी पोळी मोडली. "आमाला बाकी घावला बुवा नगरात. नशीब."

"दुकानदार भला आहे," मी म्हणालो.

"लई भला."

मी उठून त्यांच्या पोळीवर तूप वाढलं. 'पुरे, पुरे' म्हणाले तरी वाढत राहिलो. बायको दारातून डोळे मोठे करून बघत होती.

बुधवारी सकाळी नदीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरांच्या फेऱ्या झाल्या. मग आम्ही दोघं बंधाऱ्याखाली उभे राहिलो. व्याह्यांनी गुडघ्याला पट्टा बांधला होता, किक मारताना ओठ दाबला. गाडी पहिल्या किकला. माझी चौथ्या की पाचव्या. माझ्या मागं एवढा निळा धूर झाला की कुणीतरी ओरडलं, "डासांचं औषध मारायला आलाय काय रं म्हातारा?"

रुमाल पडला आणि निघालो. खोटं कशाला सांगू, व्याही पुढं गेले. रेतीत गाडी कशी सांभाळायची हे ते मिलिटरीत शिकलेले. मी त्यांच्या मागच्या चाकाकडं बघत होतो, आणि पुरी मूठ पिळूनही अंतर वाढत होतं. मला कळलं की मी हरतोय. नीट, सरळ हरतोय. रागातही मला ते मान्य होतं, इंजिन त्यांचं चांगलं चाललं होतं.

आणि मधल्या वळणानंतर त्यांच्या गाडीतून कर्र असा आवाज आला. मागचं चाक जागच्या जागी धरलं, गाडी आडवी झाली, व्याही रेतीत बसले. पडले नाहीत, बसले. मी थांबलो का? नाही थांबलो. शर्यत आहे. पायऱ्यांना हात लावला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि मग वळून त्यांच्याकडं आलो.

"गुडघा?"

"गुडघा बरा हाय," ते म्हणाले. "पिस्टन गेला."

बाभळीखाली गाडी ओढली आणि दोघांनी मिळून हेड नि सिलेंडर उतरवला. पिस्टनचा एका बाजूचा कठडाच, म्हणजे खालचा घेर, तुटून खाली गेलेला. मी तुकडा हातात घेऊन उन्हात धरला. तुटलेल्या जागी खडीसाखरेसारखे दाणे. ओतीव होता. वरून घासून चकचकीत केलेला. साधा, स्वस्तातला, ओतीव पिस्टन फोर्जिंगचा म्हणून दिलेला. व्याह्यांनीही बघितलं. माणूस गाडीतला आहे, सांगावं लागलं नाही.

"म्हंजी तुमी घेतला असता तर तुमी बसला असता रेतीत," ते म्हणाले.

"पुन्हा."

ते हसले नाहीत. तुकडा माझ्या हातातून घेऊन म्हणाले, "घेतला तवा ठाऊक हुतं मला, तुमचा हाय म्हणून."

"ठाऊक होतं हे मला ठाऊक आहे."

"मंग काल बोलला का न्हाई?"

"लेक तुमच्या घरी आहे."

"अवो, लेकीचं काय त्यात?" व्याही चिडलेच. "रेतीतलं भांडण रेतीत करायचं. मला काय ताटावरून उठवनार हुता का तुमी?"

वीस वर्षांत ते पहिल्यांदा माझ्यावर बरोबरीच्या माणसासारखे चिडले होते.

एवढ्यात पंच फेटा नि नारळ घेऊन आले. मी म्हणालो, फेटा बांधू नका. ते म्हणाले, असं कसं, पायऱ्यांना हात तुम्ही लावला. मी म्हणालो, मी जिंकलो नाही. व्याही पुढं होते, ते पुढंच राहिले असते. मला हरवायचा हक्क या माणसाचा आहे, वाटलं तर माझ्या देवाचा आहे. त्या गंधवाल्याचा नाही. आणि मला जिंकून द्यायचा तर त्याहून नाही! एका पिस्टनवर त्यानं दोन म्हाताऱ्यांना फसवलं. एकाचा पिस्टन खाल्ला नि दुसऱ्याची शर्यत. व्याह्यांची ही शेवटची शर्यत, पुन्हा नाही होणार, ती त्यानं चकचकीत करून, कागदात गुंडाळून, चहा पाजून विकली.

"मंग फेटा बांधायचा कुनाला?" पंच वैतागले.

"दुकानदाराला बांधा," बायको गर्दीतून म्हणाली. "त्योच जितला."

फेटा परत देवळात गेला. व्याह्यांनी कुस्त्या बघितल्या नाहीत, मीही नाही. दुपारभर आम्ही बाभळीखाली बसून पिस्टनचे तुकडे क्रँकमधून वेचत होतो आणि त्या दुकानदाराला काय काय म्हणायचं ते एकमेकांना सांगत होतो. माझ्या शिव्या गावच्या, त्यांच्या फौजेतल्या. त्यांच्या जास्त चांगल्या होत्या.

गुरुवारी सकाळी उजाडताच मी गाडीत पेट्रोल आणि ऑइल भरलं. बायकोनं भाकरी बांधून दिली. व्याही गुडघा सांभाळत मागं बसले, मांडीवर तुटक्या पिस्टनची पिशवी. धुराचा लोट काढत आम्ही नगरला पोचलो तेव्हा दुकान उघडलं नव्हतं. दोघं पायरीवर बसलो, भाकरी खाल्ली, आणि शटरचं कुलूप वाजलं तेव्हा व्याह्यांनी पिशवीतून पिस्टन काढून हातात घेतला.